दोन तारखांचं लायसन: पिंपळगावची द्राक्षं बनगावात का अडली

हे प्रकरण मार्चमधलं, द्राक्षाचा हंगाम भरात असतानाचं. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाऊसमधून बांगलादेशसाठी निघालेली दहा टायरी गाडी पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलच्या सीमानाक्याअलीकडे, बनगावात, दोन दिवसांहून जास्त उभी राहिली. बांगलादेशची गाडी अडली म्हटलं की आपल्याकडे पहिला संशय दिल्लीवर जातो. त्याला कारणही आहे. १४ सप्टेंबर २०२० ला कांद्याची निर्यात एकाएकी बंद झाली तेव्हा आणि ८ डिसेंबर २०२३ ला ती पुन्हा बंद झाली तेव्हा भरलेल्या गाड्या होत्या तिथे थांबल्या होत्या. या वेळी तसलं काही नव्हतं. शिपिंग बिल झालेलं, फायटो सर्टिफिकेट (मालावर कीड-रोग नसल्याचा दाखला) सोबत, पलीकडची पार्टी माल उतरवून घ्यायला तयार. अडलं ते ड्रायव्हरच्या लायसनवर.

पुढे भाडं किती कापायचं यावरून भांडण झालं आणि कागद बघायला माझ्याकडे आले. नावं मी काढून टाकली आहेत. तशीही ती फारशी महत्त्वाची नाहीत, कारण यातला प्रत्येक जण नाशिकच्या ट्रान्सपोर्ट लाइनमध्ये रोज जे करतात तेच करत होता.

गाडी भरली त्या रात्री

गाडी नाशिकच्या एका मालकाची. चार गाड्यांचा धंदा; आडगावला ऑफिस, म्हणजे एक टेबल आणि दोन मोबाईल. माल निर्यातदाराचा. दोघांच्या मधे पिंपळगावचा हुंडेकरी, म्हणजे मालाला गाडी लावून देणारा. बनगावची लाइन नेहमी चालवणारा ड्रायव्हर आदल्या दिवशी तापाने आडवा पडला, म्हणून मालकाने चांदवड तालुक्यातला ओळखीचा माणूस बोलावला. वय ४४, उमेदीची सगळी वर्षं स्टिअरिंगवर गेलेली, हात एकदम सुरक्षित. सोबत क्लीनर म्हणून एक तरुण पोरगा, त्याच्याकडे फक्त हलक्या वाहनाचं लायसन.

मालकाने रीतसर विचारलं, "काका, लायसनचा फोटो टाका." फोटो आला. तो फोटो मी मोठा करून पाहिला आहे. रात्री केबिनमधल्या दिव्यात काढलेला, कार्डावर फ्लॅशचा पांढरा डाग पडलेला. कार्डावर मुदतीच्या दोन तारखा असतात: एक ‘एनटी’पुढे, एक ‘टीआर’पुढे. एनटी म्हणजे बिगरवाहतूक, स्वतःची मोटारसायकल नि कार चालवायला. टीआर म्हणजे ट्रान्सपोर्ट, पोटापाण्याची गाडी चालवायला. एनटीपुढची तारीख सहा वर्षं पुढची, स्वच्छ दिसत होती. फ्लॅशचा डाग नेमका टीआरवर. ती तारीख ११ दिवसांपूर्वीच उलटून गेली होती.

मालकाने पहिली तारीख बघून फोटो हुंडेकऱ्याला पाठवला, हुंडेकऱ्याने निर्यातदाराला, निर्यातदाराच्या ऑफिसातल्या मुलाने त्याची प्रिंट काढून फाइलला लावली. त्याच फाइलमध्ये फायटोची प्रत तीनदा तपासून लावलेली होती. क्रेटची संख्या, वजन, वाण, सगळ्यावर बरोबरच्या खुणा. लायसनच्या प्रतीवर खूण नव्हती. आपल्या धंद्यात मालाचे कागद निर्यातदाराचे, गाडीचे कागद मालकाचे आणि लायसन ड्रायव्हरचं खाजगी, अशी वाटणी आहे. माझ्या मते या प्रकरणाचं मूळ या वाटणीत आहे. सीमेवर जाणाऱ्या मालाच्या बाबतीत ड्रायव्हरचं लायसन हा मालाचाच कागद असतो, फायटोइतकाच.

ड्रायव्हर एवढा निर्धास्त का होता

तो खोटारडा नव्हता, हे आधीच सांगतो. त्याला मनापासून वाटत होतं की लायसन संपलं तरी एक महिना चालतं. आणि तसं खरंच होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४ मध्ये मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन चालू मानायची तरतूद होती. २०१९ च्या दुरुस्तीत ती गेली. त्याच दुरुस्तीने ट्रान्सपोर्ट लायसनची मुदत तीन वर्षांवरून पाच केली, आणि ही गोड बातमी प्रत्येक ड्रायव्हरपर्यंत पोहोचली. ३० दिवसांची सवलत गेल्याची बातमी ढाब्यावर कुणी सांगितली नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये, तेलंगणातल्या चालक भरतीच्या एका प्रकरणात, हे स्पष्ट केलं की दुरुस्तीनंतर मुदत संपली की दुसऱ्या दिवसापासून तो माणूस गाडी चालवायला अपात्र.

दुसरी गोष्ट जास्त अडचणीची आहे. आधी मुदत संपून ३० दिवसांच्या आत अर्ज केला तर नवीन मुदत जुन्या तारखेपासून धरली जायची, मधे खड्डा पडायचा नाही. आता कलम १५ प्रमाणे मुदत संपण्याआधी एक वर्ष ते संपल्यानंतर एक वर्ष या काळात अर्ज करता येतो, पण नवीन मुदत नूतनीकरणाच्या दिवसापासून. म्हणजे उशीर झाला तर मधले दिवस कायमचे बिनलायसनचे राहतात, नंतर कितीही कागद दाखवले तरी. आणि लवकर गेलं तर उरलेले महिने वाया. फी तीच, डॉक्टरचा फॉर्म १-ए तोच, मग पाच वर्षांतले चार-पाच महिने का सोडायचे, असा साधा हिशेब ड्रायव्हर करतो आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबतो. त्याचा शेवटचा आठवडा मार्चात आला. मार्चात खेपेवर चालणारा माणूस आरटीओत एक दिवस घालवायला तयार होत नाही, कारण त्या दिवसाचे पैसे त्याला कुणी देत नाही.

कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पाच वर्षांनी एकदा डोळे तपासून घ्या, यात अन्याय काहीच नाही. पण नियम असा बेतलाय की वेळेआधी येणाऱ्याला तोटा, आणि उशिरा येणाऱ्याला तो दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

दोन हजार किलोमीटर कुणीच का नाही अडवलं

चांदवड, मालेगाव, धुळे, मग जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर. अंतर दोन हजार किलोमीटरच्या आसपास. द्राक्षाची गाडी कुठे रेंगाळत नाही. ड्रायव्हर दिवसा दोन-तीन तास झोपतो आणि रात्र पळवतो. वाटेत टोलनाके अगणित, पण फास्टॅग गाडीचा असतो. नंबरवरून फिटनेस, विमा, पीयूसी सगळं कळतं. स्टिअरिंगवर कोण बसलंय हे नाक्याला कळत नाही. म्हणून संपलेलं लायसन चार राज्यं बिनबोभाट ओलांडून पाचव्यात जातं, जोवर कुणी गाडी बाजूला घ्यायला लावून कार्ड हातात घेत नाही तोवर.

तसं कुणी घेतलं असतं तर काय झालं असतं, हे मालकाला मी नंतर सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. ड्रायव्हरला कलम १८१ खाली ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि अशा माणसाच्या हाती गाडी दिली म्हणून कलम १८० खाली मालकालाही तेवढंच. दंड भरून सुटता येतं. पण कलम २०७ प्रमाणे लायसनशिवाय चालवली जाणारी गाडी अधिकारी ताब्यात घेऊन ठेवू शकतो. क्रेट भरलेले, बाहेर मार्चचं ऊन आणि गाडी कुठल्यातरी पोलीस ठाण्याच्या आवारात. दंडाची रक्कम त्यापुढे चिल्लर आहे.

अपघात झाला असता तर आणखी वेगळं. तिसऱ्या माणसाच्या नुकसानीत विमा कंपनी आधी पैसे देते आणि मालकाकडून वसूल करते. २००४ च्या स्वरणसिंग निकालापासून हा मार्ग रुळलेला आहे. त्यात मालकाचा बचाव एकच असतो: मी वाजवी काळजी घेतली होती. फ्लॅशचा डाग पडलेला फोटो ही वाजवी काळजी आहे, असं कुठलं न्यायाधिकरण म्हणेल, मला माहीत नाही. स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम तर सरळ नाकारला गेला असता.

बनगाव

पेट्रापोल हे एकात्मिक चेकपोस्ट, पलीकडे बेनापोल. आपली गाडी बांगलादेशात हवी तितकी आत जात नाही. बेनापोलच्या बंदराच्या यार्डापर्यंत जाते, तिथे माल उतरतो किंवा थेट बांगलादेशी गाडीत चढतो, आणि रिकामी गाडी परत येते. ड्रायव्हर-क्लीनरला त्यासाठी पासपोर्ट किंवा व्हिसा लागत नाही, ‘कार पास’ लागतो. त्यात गाडीचा आणि माणसांचा तपशील भरावा लागतो. म्हणजे दोन हजार किलोमीटरनंतर पहिल्यांदा गाडीचा नंबर आणि माणूस एकाच कागदावर येतात.

तिथल्या क्लिअरिंग एजंटच्या माणसाने मूळ कार्ड मागितलं. हातात घेतलं, उन्हात धरलं, आणि म्हणाला, "दादा, ये तो खतम है." ड्रायव्हरने एक महिन्याची गोष्ट सांगितली. एजंट हसला नाही, चिडलाही नाही. त्याने कार्ड परत दिलं आणि या नावावर कागद करणार नाही एवढंच सांगितलं. त्याचंही बरोबर होतं. बेनापोलच्या यार्डात काही धक्काबुक्की झाली, कुणाला लागलं, तर पहिला प्रश्न त्याच्यावर येतो.

इथून फोनांचा खेळ सुरू झाला. निर्यातदाराचं म्हणणं, क्लीनरला बसवा, सर्वोच्च न्यायालयाने हलक्या लायसनवर ट्रान्सपोर्ट गाडी चालवायला परवानगी दिलीये. निकाल खरा आहे, ६ नोव्हेंबर २०२४ चा. पण तो ७,५०० किलोपेक्षा कमी वजनाच्या गाडीपुरता. बागेतून पॅकहाऊसला क्रेट आणणाऱ्या पिकअपवाल्यांना त्याचा मोठा दिलासा मिळाला. भरल्यावर २५ टनांच्या पुढे जाणाऱ्या दहा टायरीला त्याचा काही उपयोग नाही. अर्धवट ऐकलेल्या निकालावर माणसं किती ठामपणे बोलतात!

मालकाने दुसरा मार्ग धरला: लायसन ऑनलाइन रिन्यू करून टाकू. सारथी या लायसनच्या सरकारी पोर्टलवर अर्ज भरता येतो, खरंय. पण डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, आणि अर्जाची पावती म्हणजे लायसन नव्हे. शिवाय नवीन लायसन मिळालं असतं तरी ते त्या दिवसापासून. कार पास काढायला तेवढं पुरलं असतं, पण ते त्या दुपारी होणार नव्हतं.

उरले दोन रस्ते. एक, बनगावातला स्थानिक ड्रायव्हर बसवून गाडी आत पाठवायची. मालकाने साफ नाही म्हटलं. पस्तीस लाखांची गाडी, हप्ते चालू, आणि अनोळखी माणूस दुसऱ्या देशात घेऊन जाणार. त्याची भीती मला समजते. दोन, माल स्थानिक गाडीत बदलायचा. सीमेवरच्या गावांत फक्त तेवढ्याच अंतरावर फेऱ्या मारणाऱ्या गाड्या असतातच. लांबून आलेल्या गाडीचा कुठलातरी कागद लंगडा असला की त्यांचा धंदा होतो.

निर्णय व्हायला दीड दिवस गेला. प्रत्येक जण दुसऱ्याने खर्च उचलायची वाट बघत होता. शेवटी निर्यातदाराने माल बदलायला सांगितला. रात्री हमाल लावून क्रेट एका गाडीतून दुसऱ्या गाडीत गेले. मी स्वतः तिथे नव्हतो, पण ड्रायव्हरने मोबाईलवर घेतलेलं शूटिंग पाहिलंय. ताडपत्री सोडल्यावर वरच्या थराचे क्रेट ठीक. मधल्या थरापासून घडांचे देठ तपकिरी झालेले, आणि क्रेट उचलला की तळातल्या कागदावर मोकळे मणी गडगडताना ऐकू येतात. द्राक्षवाल्याला मणीगळ म्हणजे काय ते सांगायला नको. एकदा जास्त हाताळणी म्हणजे घडाचे मणी सुटणार, आणि सुट्या मण्यांना ढाक्यात घडाचा भाव मिळत नाही. बेनापोलला तिसऱ्यांदा हाताळणी झाली ती वेगळीच.

नुकसान कुणाचं

पार्टीने बिलातून घसघशीत रक्कम कापली. निर्यातदाराने ती हुंडेकऱ्याच्या नावावर टाकली, हुंडेकऱ्याने गाडीमालकाचं उरलेलं भाडं अडवून ठेवलं, आणि मालकाने ड्रायव्हरची खेप बुडवली. पाणी उताराला जातं तसं झालं.

निर्यातदाराचा पहिला विचार विम्याचा. मालाचा ट्रान्झिट विमा होता, चांगला मोठा. पण अशा पॉलिसीत एक नेहमीचा अपवाद असतो: उशिरामुळे झालेलं नुकसान. गाडी उलटली असती, आग लागली असती, तर बोलता आलं असतं. इथे गाडी सुखरूप, माल सुखरूप पोहोचला, फक्त उशिरा. द्राक्ष उशिरा पोहोचणं आणि द्राक्ष सडणं यात शेतकऱ्याला फरक वाटत नाही, विम्याला वाटतो. मोटारीच्या विम्याला तर यात शिरायलाच जागा नव्हती, कारण अपघातच झाला नाही. लायसनच्या चुकीचं सगळ्यात महाग नुकसान बहुतेक वेळा असंच असतं, कुठल्याच पॉलिसीत न बसणारं.

मग वाहतूकदाराची जबाबदारी. यासाठी २००७ चा रस्त्याने मालवाहतुकीचा कायदा आहे. त्याखाली वाहतूकदार मालाला जबाबदार असतो, पण जास्त जोखमीचा दर आधी ठरवून दिला नसेल तर नियमाप्रमाणे ही जबाबदारी भाड्याच्या दहापटीवर थांबते. दावा करायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. हुंडेकऱ्याच्या बिल्टीवर, म्हणजे माल घेतल्याच्या पावतीवर, ‘माल मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का होता आणि त्याला वाटत होतं की त्या शिक्क्याने तो सुटला. तसा शिक्का मारून निष्काळजीपणा धुऊन निघत नाही. त्याहून गंमत म्हणजे या कायद्याखाली वाहतूकदाराने नोंदणी करायची असते आणि ती या हुंडेकऱ्याने कधीच केली नव्हती. नोटीस पाठवली तर आपलीच नोंदणी विचारली जाईल हे कळल्यावर त्याचा आवाज खाली आला, आणि तडजोड झाली. कापलेल्या रकमेचा मोठा भाग निर्यातदार आणि हुंडेकरी यांनी वाटून सोसला. मालकाने बनगावातल्या दुसऱ्या गाडीचं भाडं आणि हमाली सोसली.

ड्रायव्हरची खेप बुडवणं मात्र मला पटलं नाही आणि मी ते तोंडावर सांगितलं. तारीख बघण्याची कायदेशीर जबाबदारी गाडी देणाऱ्यावर आहे. कलम १८० तेवढ्यासाठीच आहे. ड्रायव्हरने कार्ड लपवलं नव्हतं, मागितल्यावर फोटो दिला होता. मालक आधी ऐकेना. शेवटी अर्धी खेप दिली. उरलेल्या अर्ध्यासाठी माझा आणि त्याचा अजून वाद आहे.

मुळात लायसन सीमेपलीकडे चालत का नाही

ही अडचण आपल्यापुरती नाही. अमेरिकेने मेक्सिकोचं आणि कॅनडाचं व्यावसायिक लायसन कित्येक वर्षांपूर्वीच मान्य केलं आहे. तरी अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या लारेडोच्या पुलावर बराचसा माल मधल्या छोट्या पल्ल्याच्या गाडीनेच पलीकडे जातो, आपल्या बनगावसारखाच. आणि जून २०२५ पासून तिथे इंग्रजी न येणाऱ्या ट्रकचालकाला तपासणीत जागेवर थांबवायला सुरुवात झाली. नियम जुनाच होता, अंमलबजावणी नवी. कागदावर झोपलेला नियम एका सकाळी उठतो आणि रस्त्यावर गाड्या उभ्या राहतात, हे तिकडेही तसंच.

आपल्याकडे १५ जून २०१५ ला थिंफूत बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांचा मोटार वाहन करार झाला. तो पुरता अमलात आला असता तर एका देशाचं वैध लायसन दुसऱ्यात चाललं असतं आणि नाशिकची गाडी सीलबंद ढाक्यापर्यंत गेली असती. बेनापोलची हाताळणी वाचली असती. भूतानच्या संसदेत तो अडला, बाकीच्या तिघांनी पुढे जायचं ठरवलं, चाचणीच्या गाड्याही धावल्या, पण रोजची मालवाहतूक त्यावर सुरू झाली नाही. द्राक्ष संघाच्या बैठकांत बांगलादेशच्या आयात शुल्कावर तासन्‌तास बोललं जातं, आणि ते बरोबरच आहे, शुल्काने कंबर मोडली आहे. पण या करारावर मी कुणाला पाच मिनिटं बोलताना ऐकलेलं नाही.

त्यानंतर

मालकाने चारही गाड्यांच्या ड्रायव्हरांची टीआर तारीख ऑफिसच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली आहे, प्रत्येकाची तीन महिने आधीच्या पानावर. फोटो आता दिवसा, दोन्ही बाजूंचा, आणि सारथीवर लायसन नंबर टाकून मुदत पुन्हा बघायची. बदली ड्रायव्हर घेतानाही तेच. मला वाटतं घाई असते ती तेव्हाच, म्हणून तेव्हाच जास्त. लायसनसाठी जाणाऱ्या ड्रायव्हरला त्या दिवसाचा भत्ता द्यायचा की नाही यावर घरात नवरा-बायकोत वाद झाला. ऑफिसचा हिशेब त्याची बायको बघते, आणि तिने भत्ता मंजूर केला. चांदवडच्या काकांचं लायसन एप्रिलमध्ये झालं. मधले दिवस रिकामे राहिले ते राहिलेच.

हुंडेकरी नोंदणीचा अर्ज केल्याचं सांगतो. कागद मी पाहिलेला नाही. निर्यातदाराला मी सुचवलं होतं की लोडिंगच्या यादीत फायटोच्या खाली एक ओळ वाढवा: ड्रायव्हरचं नाव, टीआरची तारीख, तपासणाऱ्याची सही. तो म्हणाला, "ते गाडीवाल्याचं काम आहे, भाऊ." पुढच्या हंगामाच्या भाड्याच्या करारात या ओळीवरून अजून बोलणी चालू आहेत.